चित्रांची कच्ची वही

इतवारीच्या सराफ्यात आणि किराणा बाजारात जुन्या पेढ्यांवर एकेकाळी दोन प्रकारच्या वह्या असत. दिवसभराचे व्यवहार गिऱ्हाईक समोर असतानाच घाईघाईने कच्च्या वहीत टिपले जात. त्यात खाडाखोड असे, समासात आकडेमोड असे, एखाद्या नावापुढे प्रश्नचिन्हही असे. दिवेलागणीनंतर मुनीम तोच मजकूर सुवाच्य अक्षरात पक्क्या वहीत उतरवून घेई. पक्की वही दाखवावयाची आणि कच्ची वही सांभाळावयाची, हा पेढीचा शिरस्ता होता. एखाद्या रकमेवरून वाद उपस्थित झाला की कच्चीच वही काढावी लागे, कारण व्यवहार घडताना काय विचार झाला होता हे तिच्यातच उमटलेले असे. संगणकाने या दोन वह्यांतील भेद पुसून टाकला, ही सोय झाली की हानी हा स्वतंत्र विषय आहे.

चित्रकाराची चित्रवही, जिला मुले स्केचबुक म्हणतात, ती अशीच कच्ची वही होय. परंतु आपल्या कुटुंबांत तिच्याकडे पक्क्या वहीच्या नजरेने पाहिले जाते. मुलगी वही घेऊन आली की पाने चाळून ‘छान’ असे म्हटले जाते, नाहीतर ‘हे अर्धवट का सोडलेस?’ असा प्रश्न येतो. पहिल्या उत्तराने तिला काहीच मिळत नाही. दुसऱ्या उत्तराने ती पुढल्या वेळी केवळ पूर्ण, गोंडस, पाहुण्यांना दाखविण्याजोगी चित्रे काढू लागते, आणि काही दिवसांनी वही दाखविणेच बंद करते. व्यवसायातील तोटा वेळीच ध्यानात येणाऱ्या घरांत हा तोटा मात्र बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही.

चित्रावर बोलावे कसे आणि ऐकणाऱ्याने त्याचे करावे काय, याचा एक उत्तम दाखला नागपूरशी निगडित आहे. सैयद हैदर रझा यांचा जन्म 1922 साली मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते, त्यामुळे बालपण नर्मदेच्या परिसरातील अरण्यात गेले. दिवसा आदिवासी बाजारांचे रंग आणि रात्री जंगलाचा काळोख व त्याची भीती, असा विरोध त्यांच्या मनावर लहानपणीच ठसला होता, असे ते पुढे सांगत. प्राथमिक शाळेत त्यांचे चित्त ठिकाणावर नसे. तेव्हा शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसावयास सांगितले. त्या ठिपक्याचे पुढे काय झाले, ते सर्वज्ञात आहे.

1939 साली रझा नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. बापूराव आठवले हे तेथील त्यांचे गुरू. त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेल्या या शहरात त्यांनी रेखाटनाचा पाया घातला, काही काळ गोंदियाच्या शाळेत चित्रकला शिकविली आणि 1943 साली शिष्यवृत्तीच्या आधारावर मुंबई गाठली. तेथे पोहोचण्यास उशीर झाल्याने प्रवेश हुकला. मग त्यांनी एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली, दिवसा ठसे आणि जाहिराती यांचे काम आणि उरलेल्या वेळात चित्र असा क्रम ठेवला व यथावकाश जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण पूर्ण केले. पोटापाण्याचा उद्योग आणि कला यांचे हाडवैर असते, असे मानणाऱ्यांनी हा क्रम अवश्य ध्यानात घ्यावा.

मुंबईत त्यांना जी माणसे भेटली, ती या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची. नाझी राजवटीमुळे मध्य युरोपातून परागंदा झालेले काही जाणकार त्या वेळी मुंबईत स्थिरावले होते. वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये कलासंचालक होते, रुडी फॉन लायडन कलासमीक्षा लिहीत आणि व्हिएन्नाहून आलेले इमॅन्युएल श्लेसिंजर औषधनिर्मितीचा कारखाना चालवीत. लँगहॅमर यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार आपली कामे घेऊन जात. चित्र मधोमध ठेवले जाई आणि चर्चा सुरू होई. लायडन त्यावर लिहीत आणि श्लेसिंजर, जे व्यापारी होते, चित्र विकत घेत. या तिन्ही गोष्टी म्हणजे अभिप्रायच होत. त्यांतील तिसऱ्या प्रकारचा अभिप्राय आपल्या समाजाच्या सर्वांत आवाक्यातला, तरीही सर्वांत कमी दिला जाणारा आहे.

1947 साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सहा जण होते: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. विचार, धर्म, स्वभाव, घरची परिस्थिती, कशातच त्यांचा मेळ नव्हता. सूझा गोव्याचे ख्रिस्ती आणि भडक लेखणीचे, हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे, आरा घरकामाची नोकरी करता करता चित्रकार झालेले, तर बाकरे शिल्पकार. हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर, आणि चित्रकलेचे शिक्षण नागपुरातलेच. सहांपैकी दोघे नागपूरच्या कलाशाळेतून गेलेले होते, ही गोष्ट नागपूरकरांना सहसा ठाऊक नसते. त्या शाळेची आठवण येथे एखाद्या चौकाच्या नावातूनही होत नाही, याला काय म्हणावे!

आता मुख्य प्रसंग. 1948 साली रझा काश्मीरमध्ये चित्रे काढीत होते. श्रीनगर येथे त्यांची कामे पाहण्यास फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ आले. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची त्यांनी टिपलेली छायाचित्रे त्याच वर्षीची. रझा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, त्यांच्या जलरंगांतील दृश्यचित्रांना मुंबईत नाव मिळू लागले होते आणि रंगांचा ओघ हे त्यांचे बलस्थान मानले जात होते. कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांच्या गुणांची दखल घेतली, पण चित्रांत रचना नाही, असे स्पष्ट सांगितले. इमारत जशी पाया, भिंती आणि छप्पर यांवर उभी राहते, तसेच चित्रही बांधावे लागते, म्हणून सेझान या चित्रकाराचा अभ्यास करा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ही हकीकत रझा पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

या अभिप्रायाची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यात चित्रकार वाईट आहे असे म्हटलेले नाही, आणि सारे उत्तम आहे असेही नाही. काय आहे ते सांगितले, काय नाही ते एका शब्दात सांगितले आणि ते कोठे मिळेल त्याचा पत्ताही दिला. बँकेत कर्जाचा प्रस्ताव नाकारताना नुसते ‘अपात्र’ लिहिणे आणि ‘खेळते भांडवल अपुरे, अमुक कागदपत्रांसह पुन्हा सादर करावा’ असे लिहिणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच येथेही आहे. दुसऱ्या शेऱ्याने अर्जदार परत येतो.

ऐकणाऱ्याने काय केले, हेही तितकेच पाहण्याजोगे. रझांनी वाद घातला नाही. मुंबईस येऊन त्यांनी फ्रेंच भाषा शिकण्यास आरंभ केला, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळविली आणि 1950 साली पॅरिस गाठले. सेझानची मूळ चित्रे पाहिली. त्यानंतरच्या त्यांच्या चित्रांत घरे ठोकळ्यांसारखी, कडा रेखीव आणि रंग बांधलेले दिसू लागले. ओघ आणि रचना या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टींपैकी एक त्यांच्यापाशी होती, दुसरी त्यांनी शोधली. 1956 साली त्यांना पॅरिसमध्ये समीक्षकांतर्फे दिला जाणारा ‘प्री द ला क्रितीक’ हा पुरस्कार मिळाला. अभिप्राय देणाऱ्यांनीच दिलेला सन्मान तो.

तरीही पुढे त्यांना असमाधान वाटू लागले. फ्रान्समध्ये मान्यता होती, पण आपल्या चित्रात आपला देश कोठे आहे, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. सत्तरच्या दशकात ते वारंवार भारतात आले, लेणी आणि मंदिरे पाहिली, राजस्थान-गुजरातेत हिंडले. भिंतीवरचा तो ठिपका परत आला आणि ‘बिंदू’ हा त्यांच्या चित्रांचा गाभा झाला. काळा आणि पांढरा, बीज आणि विस्तार, पुरुष आणि प्रकृती, अशा जोड्या त्यांनी त्याभोवती मांडल्या. आवडलेल्या कवितेच्या ओळी आणि विचार ते वहीत उतरवून ठेवीत, आणि त्यांतील काही देवनागरी अक्षरांसह थेट चित्रफलकावर येत. व्यापारी वाचकाच्या मनातील प्रश्नाचे उत्तरही देऊन टाकावे: 1983 सालचे त्यांचे ‘सौराष्ट्र’ हे चित्र 2010 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 16 कोटी 42 लाख रुपयांस गेले आणि ‘जेस्टेशन’ हे 2023 मध्ये मुंबईत 51 कोटी 75 लाखांस. अर्थात 1948 साली कार्तिए-ब्रेसाँ यांच्या शब्दाला बाजारभाव नव्हता.

विरोधी कल्पना वहीत मांडून त्यांचा शोध घेण्याची पद्धत शिक्षणात शिस्तीने आणणारे म्हणून योहानेस इटेन यांचे नाव घेतले जाते. जर्मनीतील वायमार येथे 1919 साली सुरू झालेल्या बाउहाउस या संस्थेत त्यांनी 1923 पर्यंत प्राथमिक वर्ग घेतला. मोठे-लहान, जाड-बारीक, सरळ-वक्र, खरखरीत-मऊ, पुष्कळ-थोडे, उजेड-अंधार अशा जोड्या ते विद्यार्थ्यांना देत. प्रत्येक जोडी आधी हाताने चाचपून अनुभवावयाची, मग मनात तिचे स्वरूप ठरवावयाचे आणि नंतर कागदावर आणावयाची. जाड रेघ एकटी असता जाड नसतेच, शेजारी बारीक रेघ आल्यावर ती जाड ठरते, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. 1922 च्या डिसेंबरात बाउहाउसच्या चित्रांचे प्रदर्शन कलकत्त्यास भरले, त्यासाठी स्टेला क्रॅमरिश यांनी इटेन यांच्याशीच पत्रव्यवहार केला होता. पुढे 1961 साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्या पायाभूत अभ्यासक्रमातही या परंपरेचा अंश आहे. ती संस्था उभी करण्यात गौतम साराभाई आणि गिरा साराभाई या भावंडांचा पुढाकार होता. जैन गिरणीमालकाच्या घरातील ही दोघे. ‘आपल्या घरात असले काही नसते’ असे म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती.

‘एकच रेघ जाडही आहे आणि बारीकही आहे, कशाच्या अपेक्षेने ते सांगा’, हे वाक्य आपल्याकडील वाचकास परके वाटण्याचे कारण नाही. ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ असा करून स्याद्वादाला संशयवाद ठरविण्याची चूक वारंवार होते. वस्तुतः ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ असा त्याचा आशय आहे. इटेन यांना स्याद्वाद ठाऊक होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. पण पाठशाळेत सप्तभंगी पाठ करणाऱ्या मुलाला ती पेन्सिलीने समजावून देता येते, एवढे मात्र नक्की.

अभिप्रायाच्या बाबतीत तर आपल्या परंपरेत आयते शास्त्रच पडून आहे. ‘आलोचना’ हा शब्द हिंदीत टीका या अर्थी रूढ झाला. जैन आचारात मात्र आलोचना म्हणजे आपला दोष आपण होऊन गुरूंपुढे निवेदन करणे. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे जे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यांत तिचे स्थान पहिले आहे. येथे बोलण्याचा क्रम पाहावा: आधी शिष्य बोलतो, मग गुरू. घरात चित्रवही उघडल्यावर नेमके उलटे घडते. मूल तोंड उघडण्यापूर्वीच काका, आत्या, आजोबा यांचे निकाल लागलेले असतात. ‘यात तुला काय जमले नाही असे वाटते?’ एवढा प्रश्न आधी विचारला, तर निम्मे काम होते.

आलोचनेचे दहा दोषही सांगितले आहेत आणि ते चित्रवहीला चपखल लागू पडतात. दुसऱ्याने पाहिलेलाच दोष तेवढा सांगणे हा ‘दृष्ट’. मोठे तेवढे सांगून लहान लपविणे हा ‘बादर’ आणि लहान सांगून मोठे दडविणे हा ‘सूक्ष्म’. गलबल्यात सांगणे, म्हणजे ऐकू जाऊ नये अशी व्यवस्था, हा ‘शब्दाकुलित’. एकाकडे सांगून झाल्यावर दुसऱ्या, तिसऱ्याकडे जाणे हा ‘बहुजन’. मोबाइलवर एकच चित्र चाळीस नातेवाइकांना पाठवून अंगठे मोजणारा मुलगा नेमका याच दोषात सापडतो. आणि ज्याच्या ठायी तोच दोष आहे अशाकडे जाणे हा ‘तत्सेवी’. ज्याला स्वतःला हात काढता येत नाहीत, तो मित्र ‘हात छान आलेत’ असेच म्हणणार. चित्रातील चूक हे पाप नव्हे, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. मात्र गुरूनेही ऐकलेले दोष चारचौघांत सांगत सुटू नये, हा आलोचनेतील दंडक घरोघरी पाळण्यासारखा आहे. भिशीच्या बैठकीत मुलाची वही फिरविणे हा त्याचा भंगच.

महाराष्ट्रातील घरांना चित्रकला ओळखीची आहे ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांमुळे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हा अभ्यास वाईट मुळीच नाही, हाताला वळण लावणारा आहे. पण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, हे कळल्यापासून परीक्षेचा हेतूच तो होऊन बसला. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या घरात मुलाला हिशेब शिकविताना ‘चूक कोठे झाली ते तूच शोध’ असे सांगितले जाते, त्याच घरात चित्राच्या बाबतीत शिकवणीच्या सरांनी दुरुस्त करून दिलेले पान चालवून घेतले जाते, याचे नवल वाटते.

विरोधी कल्पनांचा सराव घरी करावयाचा तर विषयांसाठी दूर जावयास नको. अनेक मंदिरांच्या भिंतींवर षड्लेश्येचे चित्र असते. जांभळाचे झाड आणि भुकेली सहा माणसे: एक बुंध्यावरच कुऱ्हाड चालवू पाहतो, आणि सहावा खाली पडलेली फळे तेवढी वेचतो. कृष्णापासून शुक्लापर्यंत सहा रंगांचा क्रमही त्यातच आला. या चित्राची नक्कल करण्याऐवजी पहिला आणि सहावा यांना समोरासमोरच्या दोन पानांवर, माणूस न काढता, केवळ रेघांनी दाखविता येईल का? एकाच्या रेघा कशा असतील, दुसऱ्याच्या कशा? कोणत्या पानावर कागद अधिक मोकळा राहील?

दुसरे मधुबिंदूचे चित्र. विहिरीत फांदीला लोंबकळणारा माणूस, फांदी कुरतडणारे काळा आणि पांढरा असे दोन उंदीर, वर झाड हलविणारा हत्ती, खाली साप, आणि पोळ्यातून जिभेवर पडणारा मधाचा थेंब. येथे खरी परीक्षा रचनेची आहे. चित्रात सर्वांत लहान असलेली वस्तू सर्वांत बलवान दिसली पाहिजे, नाहीतर तो माणूस तेथे का लोंबकळतो आहे ते पाहणाऱ्याला कळणार नाही. मुलाने पाच-सहा छोटे खर्डे करावेत, थेंब कधी मधोमध, कधी कोपऱ्यात, कधी पांढऱ्यावर काळा तर कधी काळ्यावर पांढरा. घरातील दोघांनी वेगवेगळे पाहावे आणि नजर आधी कोठे गेली, तेवढेच सांगावे. आवडले की नाही, हे विचारलेले नाही तोवर सांगू नये. दोघांची नजर दोन ठिकाणी गेली तर तेही वहीत तारखेसह टिपून ठेवावे, पान फाडू नये. साधी कोरी वही आणि मऊ शिशाची पेन्सिल एवढे साहित्य यास पुरते.

नागपूरशी नाते असलेले आणखी एक नाव येथे घ्यावयास हवे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म 1924 साली याच शहरातला, पुढचे आयुष्य मुंबई आणि दिल्ली येथे गेले. 1948 साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली आणि काही काळाने ते प्रोग्रेसिव्ह ग्रुपशी जोडले गेले. रझा बिंदूभोवती बोलत राहिले, गायतोंडे मात्र उत्तरोत्तर अबोल होत गेले. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे करीत. भारतीय लघुचित्रांचा अभ्यास करताना त्यांतील माणसे, आकृती बाजूला सारून केवळ रंगांची आपापसांतील प्रमाणे पाहू लागल्याने आपल्या अमूर्त चित्रांकडे वाट गेली, असे त्यांनी सांगितले आहे.

हा प्रयोग पर्युषणात कोणत्याही घरी करता येईल. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांची छापील पाने अनेक श्वेतांबर कुटुंबांत असतात: तांबडी किंवा निळी पार्श्वभूमी, सोनेरी आकृती, चेहऱ्याबाहेर आलेला दुसरा डोळा. एक पान निवडावे आणि मुलास वहीत त्याचे केवळ रंगांचे चौकोन मांडावयास सांगावे, तांबडे किती, निळे किती, सोनेरी किती. मग मूळ पान झाकून ठेवावे आणि त्या चौकोनांतून प्रसंग जन्मोत्सवाचा आहे की दीक्षेचा, हे आजीला ओळखावयास सांगावे. आजी चुकली तर कोणता रंग कमी पडला, याचा निर्णय मुलाने करावा.